आल्फिऑस समुद्राखालून वाहते का?

वाचकांचे प्रश्न, भूगोलाच्या बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई, आम्ही पंचवटीतले. गोदावरी ब्रह्मगिरीवर प्रकटते, गुप्त होते, गंगाद्वाराला दिसते, परत गुप्त होते आणि शेवटी गौतम ऋषींनी दर्भाने अडवली म्हणून कुशावर्तात थांबते, हे आजीकडून ऐकत आलो. परवा मुलीच्या पुस्तकात वाचलं की ग्रीसमध्ये आल्फिऑस नावाची नदी अशीच गुप्त होते आणि समुद्राखालून थेट सिसिली बेटावर निघते. यात काही तथ्य आहे, की दोन्हीकडे नुसत्या कथा? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : समुद्राखालून जात नाही, हे आधी सांगते. पण जमिनीखालून पाणी जातं, आणि तेही एकाहून जास्त ठिकाणी. तुमच्या प्रश्नातला हा अर्धा भाग खरा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आल्फिऑस ही ग्रीसच्या दक्षिणेकडच्या पेलोपोनीज द्वीपकल्पातली सगळ्यात लांब नदी. लांबी सुमारे ११० किलोमीटर. आपली गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहते, म्हणजे ही किती छोटी ते कळेल. उगम आर्केडियाच्या डोंगरांत. तिथून मेगालोपोलिसच्या खोऱ्यातून, कारितेनाच्या किल्ल्याखालच्या घळीतून पश्चिमेकडे जाते. उजव्या हाताने लुसिऑस, लाडोन, एरिमान्थोस या उपनद्या येऊन मिळतात. मग प्राचीन ऑलिंपिक खेळ जिथे होत ते ऑलिंपिया, आणि पुढे पिर्गोस शहराजवळ आयोनियन समुद्र.

आर्केडियाचे डोंगर बहुतांशी चुनखडीचे आहेत, आणि सगळं मर्म त्या दगडात आहे. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडीला विरघळवत जातं. भेगांच्या फटी होतात, फटींच्या गुहा होतात. वर अशी खोरी तयार होतात, ज्यांना चारी बाजूंनी डोंगर आणि बाहेर पडायला वाट म्हणून नाही. पाऊस पडतो, पाणी खोऱ्यात उतरतं, आणि डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एखाद्या विवरात शिरून दिसेनासं होतं. या विवरांना ग्रीक लोक कातावोथ्रा म्हणतात. डोंगराच्या पलीकडे, कितीतरी खाली, तेच पाणी झरा होऊन बाहेर पडतं.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसॅनियस नावाचा प्रवासी ग्रीसभर फिरला. त्याने आल्फिऑसचा मार्ग लिहून ठेवला आहे. ती तेगेआच्या मैदानात जमिनीत शिरते, असेआला वर येते, तिथे युरोटास नदीत मिसळते, दोघी थोडं अंतर एकत्र वाहतात आणि पुन्हा एका विवरात उतरतात. मग युरोटास स्पार्टाच्या मुलखात निघते आणि आल्फिऑस मेगालोपोलिसच्या बाजूला. तिच्या अशा गुप्त होण्यावर त्याने नवल केलं आहे, पण भूगोलाच्या वहीत लिहावं तसं एकामागून एक ठिकाण दिलं आहे. ब्रह्मगिरीचा फेरा करणाऱ्या जुन्या माणसांना विचारा, तीही अशीच ठिकाणं सांगतात. असं सांगणं ऐकताना ते भाबडं आहे असं धरून चालू नये. लोकांनी पाणी बघितलेलं असतं.

आता एक उदाहरण देते, जे मी वर्गातही दर वर्षी सांगत असे. आर्केडियाच्या उत्तरेला फेनिऑस नावाचं असंच बंदिस्त खोरं आहे. एराटोस्थेनीस, म्हणजे ज्याने पृथ्वीचा परीघ मोजला तोच, त्याने या खोऱ्याबद्दल लिहिलेलं स्ट्रॅबो या प्राचीन ग्रीक भूगोलकाराच्या ग्रंथात टिकून आहे. तो सांगतो की फेनिऑसची विवरं कधी कधी तुंबतात आणि पाणी मैदानावर पसरतं. पुढे ती अचानक मोकळी झाली की साठलेलं सगळं पाणी एकदम लाडोनमध्ये आणि तिथून आल्फिऑसमध्ये घुसतं. एकदा तर ऑलिंपियाच्या देवळाभोवतीची जमीन पाण्याखाली गेली आणि त्याच वेळी वरचं तळं आटलं.

नाशिककर म्हणून हे वाचा. आपल्याकडे पूर येतो तेव्हा चार दिवस आधी कळतं. त्र्यंबकला पाऊस लागलेला असतो, गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाल्याची बातमी येते, आणि गावभर एकच प्रश्न असतो, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं? गुडघ्याला, कमरेला, की छातीला. १९६९ चा महापूर पाहिलेली माणसं अजून खुणा दाखवतात. ऑलिंपियाच्या लोकांना ही सोय नव्हती. आभाळ कोरडं असतानाही कितीतरी डोंगरांपलीकडे एका विवराच्या तोंडाशी अडकलेला गाळ-काटक्यांचा बोळा सुटला की त्यांच्या दारात नदी चढणार. आणि ही फक्त जुन्या काळची गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकातही फेनिऑसच्या खोऱ्यात मोठं तळं साचलं होतं आणि १८३४ मध्ये ते असंच वेगाने रिकामं झालं.

ज्या लोकांनी नदीला डोंगर पोखरून पलीकडे निघताना पाहिलं, त्यांनी तिला समुद्र ओलांडायला लावलं, यात मला अजब काही वाटत नाही. कथा अशी आहे. आल्फिऑस हा नदीचा देव, ग्रीकांकडे नद्या पुरुष असतात. तो आर्टेमिस देवीच्या अरेथुसा या अप्सरेवर भाळला आणि तिच्या मागे लागला. आर्टेमिसने तिचा झरा केला, ती जमिनीखालून, समुद्राखालून सिसिलीतल्या सिरॅक्यूजजवळ ओर्टिजिया बेटावर वर आली. तोही खालून तिथवर गेला. ऑलिंपियाला नदीत टाकलेला प्याला म्हणे अरेथुसेच्या झऱ्यात सापडला, आणि ऑलिंपियाला बैलांचे बळी दिले की तिकडचं पाणी गढूळ व्हायचं.

स्ट्रॅबोने दोन हजार वर्षांपूर्वीच याला उत्तर दिलं. नदी समुद्राला मिळते ते मुख सगळ्यांना दिसतं, तिथे पाणी गिळणारं विवर नाही, आणि एकदा खाऱ्या पाण्यात शिरलेला प्रवाह इतक्या लांबपर्यंत गोडा राहणं शक्य नाही. त्याच्या तर्कात मला आज काही जोडायचं असेल तर खोली. त्याच किनाऱ्यावर थोडं दक्षिणेला पिलॉस आहे. त्याच्यासमोरच्या समुद्रात संपूर्ण भूमध्य समुद्राची सगळ्यात खोल जागा आहे, ५,००० मीटरपेक्षा जास्त. अरेथुसेचा झरा मात्र खरा आहे. समुद्रापासून चार पावलांवर गोडं पाणी, त्यात पपायरसची झाडं. ते पाणी सिसिलीच्याच चुनखडीच्या पठारातून येतं.

मग ही नदी तिकडे नेली कोणी? माझं मत सांगते. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात कॉरिंथच्या आर्कियासने सिरॅक्यूज वसवलं. त्या वसाहतीत ऑलिंपियाच्या इयामिदाय या भविष्यवेत्त्यांच्या घराण्यातलेही लोक होते, असं पिंडार या कवीने गायलं आहे. घरदार सोडून समुद्रापार गेलेल्या माणसांना परक्या किनाऱ्यावर गोड्या पाण्याचा झरा दिसला आणि त्यांनी त्यात आपली नदी ओळखली. आपण काय करतो? शंकराच्या जटेतून गंगाच त्र्यंबकला उतरली म्हणतो, आणि नाशिकची बाई आजही सहज सांगते, "जरा गंगेवर जाऊन येते."

राहिली गोदावरी. आपला दगड वेगळा आहे. ब्रह्मगिरी बेसाल्टचा, लाव्ह्याच्या थरांवर थर. बेसाल्ट चुनखडीसारखा विरघळत नाही, त्यामुळे इथे नदी पोटात घेणाऱ्या लांबलचक गुहा नाहीत. पण लाव्हा थंड होताना त्याला भेगा पडतात, काही थर सच्छिद्र असतात, आणि दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी लाल मातीचा घट्ट पट्टा असतो. सह्याद्रीच्या कुठल्याही घाटात रस्ता कापलेल्या जागी हा पट्टा दिसतो. माथ्यावरचं पाणी भेगांतून खाली झिरपतं, घट्ट थर लागला की आडवं सरकतं आणि कड्याच्या अंगातून बाहेर येतं. म्हणून गंगाद्वार डोंगराच्या माथ्यावर नाही, पायथ्यालाही नाही, मध्ये आहे. प्रकटणं आणि गुप्त होणं हे दोन्हीकडे खरं आहे, फक्त आर्केडियात विवरातून, आपल्याकडे भेगांतून.

यातून एक गोष्ट निघते, ती बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. भेगांतून येणारं पाणी थोडं असतं आणि ते संपूर्णपणे माथ्यावरच्या मातीवर, गवतावर, झाडांवर अवलंबून असतं. ब्रह्मगिरीच्या उतारांवर यंत्रं लावून खोदलं, सुरुंग उडवले, तर झऱ्याची वाटच मोडते. आणि खाली रामकुंडाच्या परिसरात पात्राला काँक्रीटचा तळ घातला की पात्रातले जिवंत झरे बुजतात. तो काँक्रीट काढावा म्हणून नाशिककर न्यायालयापर्यंत गेले. त्यांचं म्हणणं मला भूगोलाची शिक्षिका म्हणून पूर्ण पटतं. नदी वरून वाहते तितकीच खालूनही भरते.

प्रश्न : आम्ही दोघं ऑक्टोबरात ग्रीसला जाणार आहोत. सहलीत ऑलिंपियाला अर्धाच दिवस आहे. सगळे म्हणतात स्टेडियममध्ये धावून या, फोटो काढा. नदी बघायला मिळेल का? आणि अर्ध्या दिवसात काय चुकवू नये? (एक वाचिका, कॉलेज रोड)

उत्तर : धावा जरूर. पण आधी वस्तुसंग्रहालयात जा. गाईड शेवटी नेतात आणि तोवर पाय दुखायला लागलेले असतात.

तिथे ग्रीकांचा मुख्य देव झ्यूस याच्या देवळाची त्रिकोणी शिल्पपट्टी मांडलेली आहे, देवळाच्या दर्शनी भागावर छताखाली असते ती. हे देऊळ लिबॉन या स्थानिक वास्तुकाराने इसवी सनापूर्वी ४७० ते ४५६ च्या सुमारास बांधलं. पूर्वेकडची पट्टी बघा. पेलॉप्स आणि ओइनोमाओस यांच्या रथशर्यतीआधीचा क्षण, मध्ये झ्यूस, दोन्ही बाजूंना माणसं, घोडे. पण तुम्ही डोळे कोपऱ्यांकडे न्या. त्रिकोणाच्या निमुळत्या टोकांना उभं राहायला जागाच नाही, म्हणून तिथे आडव्या पडलेल्या दोन आकृती आहेत. पॉसॅनियस सांगतो की या दोन नद्या, एका टोकाला आल्फिऑस आणि दुसऱ्या टोकाला क्लाडेऑस. काही अभ्यासकांचं मत निराळं आहे, मी पॉसॅनियसच्या बाजूची. क्लाडेऑस चांगला टिकलाय. तरुण मुलगा, पोटावर पडलेला, कोपरांवर जोर देऊन धड उचललेलं, मान वर करून मधल्या घडामोडीकडे टक लावून बघतोय. अंगाखालचं वस्त्र पाण्यासारखं पसरलेलं. रंगमंचाच्या कडेला पडून सगळं पाहणारी नदी कोरावी, हे ज्याला सुचलं त्याला नदी कळली होती.

हा क्लाडेऑस म्हणजे तुम्ही गाव आणि अवशेष यांच्यामध्ये ओलांडाल तो छोटा प्रवाह. आपल्या नासर्डीएवढा समजा. उन्हाळा नुकताच संपलेला असल्याने पाणी अगदी कमी असेल, पण त्याला कमी लेखू नका. ऑलिंपियावर कित्येक मीटर गाळ साचला, त्यात याचा मोठा वाटा मानतात. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन सम्राट थिओडोसियसने जुन्या देवपूजेवर बंदी आणली, सहाव्या शतकातल्या भूकंपांनी देऊळ पाडलं, आणि मग पूर येत राहिले. हा गाळ समुद्राच्या महालाटांनी आणला असंही काही संशोधकांनी मांडलंय. कसाही आलेला असो, त्याने ते वाचवलं. १७६६ मध्ये रिचर्ड चँडलर या इंग्रज प्रवाशाने जागा ओळखली, १८२९ मध्ये फ्रेंचांनी थोडं खोदलं आणि १८७५ पासून जर्मनांनी एर्न्स्ट कुर्टिउसच्या नेतृत्वाखाली नीट उत्खनन केलं. जर्मनीशी झालेल्या करारानुसार सापडलेल्या वस्तू ग्रीसमध्येच राहिल्या, म्हणून तुम्हाला त्या तिथे दिसणार आहेत. घोड्यांच्या आणि रथांच्या शर्यतींचं मैदान मात्र नाही दिसणार. ते स्टेडियमच्या दक्षिणेला, आल्फिऑसच्या बाजूला होतं. नदीने ते घेतलं.

झ्यूसची वेदी कुठे होती तेही विचारा. तिथे काही उरलेलं नाही, कारण ती दगडाची नव्हतीच. बळींची राख साठत साठत तिचा २२ फूट उंचीचा ढीग झाला होता. दर वर्षी एलाफिऑस महिन्याच्या १९ तारखेला भविष्यवेत्ते राख आणून ती आल्फिऑसच्या पाण्यात कालवायचे आणि वेदीला लिंपायचे. दुसऱ्या कुठल्या पाण्याने हे चालत नसे. पॉसॅनियस म्हणतो, म्हणूनच आल्फिऑस ही झ्यूसची सर्वांत लाडकी नदी. शेणाने अंगण सारवणाऱ्या घरात वाढलेल्या मला हे वाचताना तो हात, तो ओला थर अगदी समोर दिसतो.

आणखी एक, तुम्ही स्त्री म्हणून जाणार आहात म्हणून. क्रीडोत्सवाच्या दिवसांत विवाहित बायकांना आल्फिऑस ओलांडायलाही बंदी होती. पकडली गेली तर टिपेऑन नावाच्या कड्यावरून लोटून द्यायचं, असा कायदा. तुम्ही आल्फिऑसच्या काठापर्यंत जरूर जा. अवशेषांच्या दक्षिणेला ती जवळच आहे. बसवाल्याला आदल्या दिवशीच विनंती करून ठेवा, तिथे वीस मिनिटं तरी थांबायला सांगा.

प्रश्न : पांडवलेण्यात यवनाने खोदलेलं लेणं आहे म्हणतात. म्हणजे ग्रीक माणूस नाशिकला आला होता? तो या आल्फिऑसकडचा असेल का? (एक वाचक, सिडको)

उत्तर : आल्फिऑसकडचा असण्याचा काही पुरावा नाही. पण तो आला होता, आणि स्वतःचं नाव कोरून गेला आहे.

लेणं क्रमांक १७. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. दाता आहे धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, उत्तरेकडचा, दात्तामित्रीचा राहणारा, योनक, म्हणजे यवन. दात्तामित्री हे डिमिट्रियस या ग्रीक राजाच्या नावावरून पडलेलं वायव्येकडचं गाव असावं असं अभ्यासक मानतात. म्हणजे हा माणूस बहुधा अलेक्झांडरनंतर तिकडे वस्ती करून राहिलेल्या ग्रीकांच्या वंशातला. बापाचं आणि त्याचं, दोघांचीही नावं आपली झालेली. तो बौद्ध संघाला दान देतो, आईवडिलांच्या पुण्यासाठी, आपल्या मुलासह, आणि मुलाचं नाव धर्मरक्षित.

त्याने काय दिलं ते नीट वाचण्यासारखं आहे. लेणं, आत चैत्यगृह, आणि पोढी, म्हणजे पावसाचं पाणी साठवायला खडकात खोदलेली टाकी. आमच्या मुलांना मी लेण्यांची सहल दाखवताना आधी पोढ्या दाखवत असे. त्रिरश्मी डोंगरावर झरा भरवशाचा नाही, पावसाळ्यात जे पडेल ते वर्षभर पुरवायचं. दूरवरून आलेल्या माणसाने भिक्षूंना नेमकं पाणी द्यावं, यातून तो इथल्या डोंगराला किती ओळखत होता ते समजतं. तो लेख बघायला सकाळी जा. आणि कृपा करून कोरीव अक्षरांवरून बोट किंवा खडू फिरवू नका.

प्रश्न : मी आठवीत आहे. आल्फिऑस नदीत हत्ती सापडला होता का? माझा मित्र म्हणतो ग्रीसमध्ये हत्ती नसतात. (एक विद्यार्थी, निफाड)

उत्तर : मित्राचं आजच्यापुरतं बरोबर आहे, तुझं जुन्या काळापुरतं. मेगालोपोलिसच्या खोऱ्यात, जिथून आल्फिऑस वाहते, तिथे लिग्नाइट नावाच्या तपकिरी कोळशाची खाण आहे. त्या खाणीत माराथुसा या ठिकाणी २०१३ मध्ये एका हत्तीची हाडं सापडली, आणि सोबत दगडी हत्यारं. हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत. सुमारे चार ते पाच लाख वर्षांपूर्वी तिथे तळं होतं आणि त्याच्या काठी आदिमानवांनी तो हत्ती कापून खाल्ला. हा हत्ती सरळ सुळ्यांचा होता, आजच्या हत्तीपेक्षा बराच मोठा. शास्त्रीय नाव पॅलिओलोक्सोडॉन.

आता तुझ्या तालुक्याचं ऐक. याच पॅलिओलोक्सोडॉनचा भारतातला भाऊबंद गोदावरीच्या गाळात सापडला, तोही निफाड तालुक्यातच, नांदूरमधमेश्वरला. पिल्ग्रिम नावाच्या भूवैज्ञानिकाने १९०५ मध्ये त्याबद्दल लिहिलं. मित्राला हे आधी सांग.

गोदाकाठच्या दरडीत कधी हाडासारखा जड दगड दिसला तर उपटू नकोस. ज्या थरात तो आहे तो थरच त्याचं वय सांगतो. तिथेच राहू दे, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढ, जागा नीट लिहून घे आणि शाळेतल्या सरांमार्फत पुरातत्त्व विभागाला कळव.